पद्मिनी, बोरघाट आणि डिस्क ब्रेकचा ‘विटाळ’

१/१६ #थ्रेड #इतिहास
गेल्या हिवाळ्यात जुन्या मोटारींच्या एका मेळाव्यात आमची १९७४ ची प्रीमियर पद्मिनी उभी होती. एका जाणत्या गृहस्थांनी वाकून पुढच्या चाकात पाहिले. तिथे डिस्क दिसताच ते म्हणाले, “गाडी बाटली.” हा थ्रेड त्या एका शब्दाला उत्तर आहे.

२/१६
मी औंढ्याचा, लोणावळ्याच्या शेजारचा. आम्हाला मुंबईला जायचे तर बोरघाट उतरावाच लागतो. दोन पावसाळ्यांपूर्वी काका ही गाडी खोपोलीकडे उतरवत होते. निम्म्या उतारावर पेडल तळाला गेले आणि गाडी थांबेना. काकांनी खालचा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी कडेच्या कातळाला घासत थांबवली. मागच्या सीटवर आजी होती.

३/१६
आता थोडे गणित. पद्मिनीचे वजन सुमारे ९०० किलो. चार माणसे व सामान धरून १,२०० किलो. लोणावळा ते खोपोली उंचीतला फरक साडेपाचशे मीटरांच्या आसपास. एवढ्या उतारात मुक्त होणारी ऊर्जा सुमारे वीस लिटर पाणी उकळायला पुरेल. इंजिन आणि वारा तिचा काही वाटा घेतात. उरलेली ब्रेकने पचवायची असते.

४/१६
ड्रम ब्रेकमध्ये हे सारे एका बंद डब्यात घडते. आतले शू बाहेरच्या बाजूला फाकतात आणि ड्रमला घासतात. ड्रम तापला की प्रसरण पावून शूपासून दूर सरकतो, म्हणून पेडल खोल जाते. लायनिंग तापले की त्याची पकड सुटते. लोणावळ्याच्या पावसात ड्रममध्ये पाणी शिरले, तर ते लवकर बाहेर पडत नाही.

५/१६
डिस्क उघड्यावर फिरते. वारा तिला थंड करतो, पाणी फिरण्याच्या जोराने उडून जाते आणि तापून ती जाड झाली तरी पॅडच्या जवळच येते. घाटासाठी याहून सोयीची रचना शोधून सापडणार नाही.

६/१६
‘पण हे आजचे फॅड आहे,’ असे कोणी म्हणेल. इंग्लंडमध्ये लँचेस्टरने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले ते १९०२ साली. १९५३ ची ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या बळावर जिंकली. १९५५ मध्ये सित्रोएन डीएस ही घरगुती मोटार पुढच्या डिस्क घेऊन बाजारात आली. पद्मिनी हे नाव तेव्हा जन्मालाही आले नव्हते.

७/१६
आता मुख्य पुरावा. पद्मिनी ही मुळात फियाट ११००. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ मध्ये आलेली ‘डिलाइट’ फियाटच्या ११०० डी या मॉडेलवर बेतलेली होती. १९६६ मध्ये फियाटने इटलीत त्याच मालिकेची पुढची गाडी काढली, ११०० आर. तिच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक होते!

८/१६
म्हणजे ज्यांनी ही गाडी रेखाटली, त्यांनीच तिला डिस्क बसवली. आपल्याकडे मात्र तीच गाडी आधी ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ झाली. नावे बदलली, ड्रम तेच राहिले. सत्तर-ऐंशीच्या दशकांत मुंबईची टॅक्सी आणि पुण्याच्या डॉक्टरांची गाडी, दोन्ही याच ब्रेकवर धावल्या.

९/१६
असे का झाले? वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये उभी केलेली प्रीमियर मागासलेल्या मनाची कंपनी नव्हती. तिला बाजारच वेगळा मिळाला. १९५१ च्या उद्योग कायद्याखाली काय आणि किती बनवायचे याला परवाना लागे. आयातीला परकीय चलन नव्हते. देशात मोटारी बनवणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि ग्राहक वर्षानुवर्षे रांगेत उभा होता.

१०/१६
त्यात १९६९ मध्ये सरकारने आदेश काढून मोटारींच्या किमती बांधल्या. प्रीमियर त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. किंमत दुसऱ्याने ठरवायची आणि जुनाच माल रांग लावून खपायचा, अशा स्थितीत नव्या ब्रेकवर खर्च कोण करील?

११/१६
म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. पद्मिनीच्या पुढच्या ड्रमना ‘अस्सल’ म्हणून ओवाळणारे तिच्या रचनाकारांचा मान राखत नाहीत. ते परवाना-राजच्या टंचाईची पूजा करतात. टंचाई हाही इतिहास आहे आणि तो शिकावा, शिकवावा. तो घाटात आजीला मागे बसवून अनुभवण्याची गरज नाही.

१२/१६
याच घाटाची साक्ष काढू. १८६३ मध्ये इथे रेल्वे सुरू झाली, चढ ३७ ला १. सुटलेल्या गाड्या अडवण्यासाठी उतारावर खास बगल-मार्ग ठेवले होते. पुढे विद्युतीकरण झाले आणि ‘खेकडा’ म्हणून ओळखली जाणारी विजेची इंजिने आली. उतरताना त्यांच्या मोटारीच वीज निर्माण करून गाडीला आवर घालत. व्हॅक्यूम ब्रेकची जागा एअर ब्रेकने घेतली, तेव्हा रेल्वे बाटली असे कोणी म्हटले नाही.

१३/१६
‘पन्नास वर्षे चालली, काही झाले नाही’ हा युक्तिवाद वाचलेल्यांचा असतो. जे दरीत गेले ते मेळाव्याला येत नाहीत. शिवाय तेव्हा पुढची गाडीही ड्रमवरच थांबत असे. आज पुढची गाडी डिस्क आणि एबीएसच्या जोरावर जागच्या जागी थांबते. तुमची थांबेल का?

१४/१६
प्रतिपक्षाचे दोन मुद्दे मात्र मला मान्य आहेत. पहिला : संग्रहालयातली गाडी जशी आहे तशीच राहावी. दुसरा : अर्धवट बसवलेली डिस्क ड्रमहून घातक. डिस्कला ड्रमसारखा स्वतःच आवळत जाण्याचा गुण नसतो, म्हणून पायाचा जोर जास्त लागतो आणि बूस्टर लागतो. कॅलिपरला तेल जास्त लागते, म्हणून मास्टर सिलिंडर बदलावा लागतो. ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह डिस्कच्या लाइनमध्ये राहिला, तर पॅड घासत राहतात. मागे ड्रम चालतील, पण मागची चाके आधी लॉक होता कामा नयेत. पुढच्या-मागच्या ब्रेकच्या लाइन वेगळ्या असाव्यात, म्हणजे एक फुटली तरी दुसरी उरते.

१५/१६
कायदाही पाहा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मूळ रचनेतील फेरफारांबाबत कडक आहेत. २०२१ चे व्हिंटेज नियम पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाचे मूळ रूप राखायला सांगतात. मोठ्या फेरफारांत ते चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांची नावे घेतात, ब्रेकचे घेत नाहीत. पण या मौनावर विसंबू नका. आम्ही परिवहन कार्यालयात आधी लेखी विचारले, मगच पाना हातात घेतला. काढलेले ड्रम आणि शू तेल लावून, चिठ्ठी चिकटवून माळ्यावर ठेवले आहेत. उद्या कोणाला ते परत बसवायचे असतील, तर एकही भोक बुजवावे लागणार नाही.

१६/१६
घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना या डोंगरातली वाट दाखवणारा धनगर तो, अशी आख्यायिका आहे. जाणारे-येणारे चालक आजही त्याला नाणे वाहतात. आम्हीही वाहतो. पण वाट दाखवली एवढे त्याचे उपकार पुरे. ब्रेकचे कामही त्याच्याच माथी मारणे बरे नव्हे.

गाडी बाटलेली नाही. १९६६ पासून तिच्या वाट्याचे जे अडून राहिले होते, ते तिला आता मिळाले, इतकेच. (समाप्त)