मानपत्रातील विशेषणे आणि दानाचा हिशेब

तालुक्याच्या गावातील मराठीच्या प्राध्यापकाकडे अध्यापनाखेरीज आणखी एक काम परंपरेने चालत आलेले आहे, ते म्हणजे मानपत्राचा मसुदा करून देणे. भिगवण असो, इंदापूर असो की बारामती, एखाद्या दानशूर व्यक्तीचा नागरी सत्कार ठरला की शाल-श्रीफळ बाजारातून येते आणि मजकूर मराठी विभागाकडून मागवला जातो. त्या मजकुराचा साचाही ठरलेला आहे. 'समाजभूषण', 'गोरगरिबांचे कैवारी', 'आधुनिक कर्ण' ही विशेषणे, मधे एखादे सुभाषित आणि शेवटी उदंड आयुष्याची प्रार्थना. हे मानपत्र एका सत्कारमूर्तीसाठी लिहिलेले असते, पण नाव बदलले तर दुसऱ्या कोणालाही चालते. आमच्या मते खरी अडचण इथेच आहे. जे मानपत्र कोणालाही लागू पडते, त्याने कोणाचाच सन्मान होत नाही.

दान गुप्त असावे, सत्कारच करू नयेत, असे म्हणणारा एक पक्ष आहे. तो आम्हांला मान्य नाही. समाजासाठी केलेले काम समाजाने जाहीरपणे लक्षात ठेवले पाहिजे. प्रश्न ते कसे लक्षात ठेवावे, हा आहे. याचे एक उत्तर आपल्याच प्रदेशातील दगडांवर कोरलेले आहे.

नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्यात स्तुती आहे, तीन लाख गायींच्या दानाचा उल्लेख आहे आणि नद्यांवर विनामूल्य नावांची सोय केल्याची नोंदही आहे. पण मराठीच्या अभ्यासकाने थांबून वाचावा असा भाग पुढे आहे. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापणांची ठेव ठेवली. त्यांपैकी दोन हजार गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत द्यायचे नाही, व्याज मात्र भोगायचे. त्यातून वर्षावासातील वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळायचे. दाता राजघराण्यातला होता, त्याला कीर्तीची हौसही असेल. तरीही किती दिले, कोणाकडे ठेवले, कोणाला मिळणार आणि ते पुढे कसे चालणार, हे सारे त्याने लोकांसमोर मांडले. आजच्या मानपत्रात नेमके हेच सापडत नाही.

कार्ल्याच्या चैत्यगृहात दुसरी गोष्ट दिसते. तेथे वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा लेख आहे, तसाच धेनुकाकटच्या एका सुताराचाही. खांबाखांबांवर वेगवेगळ्या दात्यांची नावे आहेत. श्रेष्ठी आणि सुतार यांच्या देण्यात अंतर असेल, पण दोघांनाही एकाच दगडावर जागा मिळाली. आपल्या व्यासपीठांवर हे क्वचितच घडते.

आधुनिक काळात दगडाची जागा संस्थेच्या नावाने घेतली. गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी १,२०० रुपये दिले आणि १८८५ मध्ये सुरू झालेल्या पुण्यातील महाविद्यालयाला त्यांचे नाव लाभले. महर्षी कर्वे यांच्या १९१६ च्या महिला विद्यापीठाला विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये १५ लाखांची देणगी देऊ केली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव विद्यापीठाला मिळाले. बारामतीचे १९६२ चे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय याच परंपरेतले. या नावांत गैर काही नाही. मात्र नाव एकाचे राहते आणि काम अनेकांचे असते. फर्ग्युसनच्या मागे टिळक, आगरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्प वेतनावर केलेले अध्यापन होते. त्याची किंमत १,२०० रुपयांत मोजता येत नाही. म्हणून अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड आम्हांला महत्त्वाचा वाटतो. माणशी एक पैसा गोळा करून त्यातून तळेगाव येथे १९०८ मध्ये काच कारखाना उभा राहिला. त्याला नाव मिळाले ते दात्याचे नव्हे, पैशाचे.

मानपत्रात आणखी एक व्यक्ती हरवते, ती म्हणजे घेणारा. सायकल, वह्या किंवा शिलाई यंत्र स्वीकारण्यासाठी त्याला व्यासपीठावर बोलावले जाते, छायाचित्र होते आणि तो खाली उतरतो. त्याला बोलायला सांगत नाहीत. सोहळा मोठा झाला की ज्यांच्यासाठी काम झाले तीच माणसे सजावटीचा भाग होतात. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या सोहळ्यात भर उन्हात बसलेल्या श्रोत्यांपैकी काहींचा उष्माघाताने मृत्यू झाला. यात पुरस्कारप्राप्त व्यक्तीच्या कार्याला कमीपणा नाही. परंतु सन्मानाचे मोजमाप गर्दीने करायचे ठरले की त्याची किंमत कोण भरतो, हे त्या दिवशी दिसले.

भिगवणच्या परिसरात याची एक उलटी बाजूही आहे. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि भीमाकाठची गावे, जमिनी पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर अजून वर येते. या माणसांसाठी भाषणांतून एक शब्द हमखास वापरला जातो : 'त्याग'. हा शब्द ऐकताना कान टवकारले पाहिजेत. त्याग स्वेच्छेने होतो. संपादन झालेली जमीन ही दिलेली नसते, घेतलेली असते. तिला त्याग म्हटले की घेणाऱ्याकडचे देणे संपल्यासारखे वाटते. ज्याने दिले त्याच्या हिशेबावर विशेषण पांघरायचे आणि ज्याचे घेतले त्याच्याही हिशेबावर विशेषणच पांघरायचे, ही आपल्या गौरवभाषेची रीत झाली आहे.

म्हणून सुचवावेसे वाटते की मानपत्राकडे साहित्यप्रकार म्हणून गांभीर्याने पाहावे. उपयोजित मराठीच्या तासाला विद्यार्थ्यांना पत्रलेखन आणि इतिवृत्त शिकवतो, तसेच मानपत्रही शिकवावे. त्याची कसोटी सोपी आहे. मसुद्यातील नाव झाकावे आणि वाक्ये वाचावीत. जे वाक्य दुसऱ्या कोणाला चालेल, ते काढून टाकावे. उरलेल्या जागेत काय केले, कोणत्या वर्षी, किती जणांसाठी, कोणाच्या साथीने आणि ते काम आज कोण चालवते, हे लिहावे. ज्यांना मदत पोहोचली त्यांपैकी कोणाला स्वतःहून बोलायचे असेल, तर दोन शब्द त्यांचेही असावेत. असे मानपत्र वाचायला थोडे रूक्ष वाटेल. पण पन्नास वर्षांनी एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती ते पडले, तर या गावात काय घडले होते, हे त्याला त्यातून कळेल. उषवदाताचे व्याजदर आज आपल्याला कळतात, ते त्याने कोरून ठेवले म्हणूनच.