व्हर्सायवर फोडलेले खापर

दुसऱ्या महायुद्धाची बीजे व्हर्सायच्या तहात होती, हे वाक्य आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. २८ जून १९१९ रोजी पहिल्या महायुद्धातल्या विजेत्यांनी जर्मनीवर अपमान आणि न झेपणारी युद्धभरपाई लादली आणि त्यातून हिटलर उभा राहिला, असा हा पूर्वपक्ष. तो निराधार नाही. कलम २३१ने युद्धाची जबाबदारी जर्मनी व तिच्या मित्रांवर टाकली, ते जर्मन मनाला झोंबले. भरपाईच्या मागणीवर अर्थशास्त्रज्ञ केन्सने त्याच वर्षी कडाडून टीका केली होती. पण अपमान होणे वेगळे आणि त्या अपमानामुळे युद्ध अटळ होणे वेगळे.

अटळ म्हणावे तर तारखा आड येतात. १९२१मध्ये भरपाई १३२ अब्ज सुवर्ण मार्क ठरली, पण त्यातले ८२ अब्ज जवळपास कागदावरचेच होते. १९२४ आणि १९२९मध्ये हप्ते हलके झाले, १९३२मध्ये लोझान येथे भरपाई व्यवहारतः संपली. ऱ्हाइनलँडमधले परकी सैन्य जून १९३०मध्ये, मुदतीच्या पाच वर्षे आधी, निघून गेले. तहाची जखम ताजी असताना, मे १९२८च्या निवडणुकीत नाझींना २.६ टक्के मते होती. सप्टेंबर १९३०मध्ये ती १८.३ टक्क्यांवर गेली. दरम्यान तह काही कडक झाला नव्हता. आली होती ती जागतिक मंदी, आणि पाठोपाठ चॅन्सेलर ब्रूनिंगने वटहुकमांच्या जोरावर पगारांना व बेकारभत्त्याला लावलेली कात्री. १९३२च्या आरंभी ६० लाख लोक बेकार होते. तरीही नोव्हेंबर १९३२मध्ये नाझींची सुमारे २० लाख मते घटली. अशा ओहोटीला लागलेल्या पक्षाच्या नेत्याला, आपण त्याला मुठीत ठेवू या भरवशावर, माजी चॅन्सेलर पापेन आणि राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी ३० जानेवारी १९३३ रोजी चॅन्सेलर केले. हे तहाच्या कोणत्या कलमात लिहिले होते?

शिवाय जपान आणि इटली तर व्हर्सायला विजेत्यांच्या बाजूला बसले होते. जपानने १९३१मध्ये मांचुरिया घेतला, इटलीने १९३५मध्ये इथिओपियावर चाल केली. राष्ट्रसंघाने इटलीवर निर्बंध घातले, पण तेल वगळून. जपान आणि इटलीलाही वाटा कमी मिळाला होता, असे कोणी म्हणेल. पण मग दोष तहाच्या कठोरपणाचा राहत नाही; हवे ते सगळे न मिळालेल्या प्रत्येकाला पुढे युद्धाचा परवाना मिळतो. हिटलरला तरी केवळ १९१४च्या सीमा कुठे हव्या होत्या? त्याला सोव्हिएत भूमी हवी होती, तीही तिथली माणसे उपाशी मारून. वेढ्यातल्या लेनिनग्राडमध्ये १९४१च्या हिवाळ्यात लहान मुलाच्या वाट्याला दिवसाला १२५ ग्रॅम पाव येई, आणि त्या पावातही सेल्युलोज मिसळलेले असे. शहराची शरणागती स्वीकारायची नाही, ते उपाशी मारायचे, हे बर्लिनमध्ये ठरले होते.

म्हणूनच मला हा पूर्वपक्ष केवळ चुकीचा नव्हे, तर घातक वाटतो. तो मुळात जर्मन राष्ट्रवाद्यांचा युक्तिवाद आहे. तो मान्य करणे म्हणजे ६० लाख ज्यूंच्या आणि सुमारे २.७ कोटी सोव्हिएत नागरिकांच्या व सैनिकांच्या मृत्यूबाबत मारणाऱ्यांचीच कैफियत दाखल करून घेणे. जबाबदारी निर्णय घेणाऱ्यांची, हा निकष विजेत्यांनाही लावावा लागतो. जपानी सैन्याच्या हाती लागू नयेत म्हणून १९४२मध्ये ब्रिटिश सरकारने बंगालच्या किनारपट्टीतल्या होड्या काढून घेतल्या, तिथला तांदूळही हलवला. मासेमारी आणि मालवाहतूक दोन्ही कोलमडली. पुढच्या वर्षीच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे गेली. त्यामागे भाववाढ, वादळ आणि ब्रह्मदेशातून थांबलेला तांदूळ ही कारणेही होती. पण होड्या वादळाने नेल्या नव्हत्या, त्या सरकारी हुकमाने गेल्या होत्या.