गिटार घ्या, पण मापाची!

मैत्रिणींनो, मुलीने इलेक्ट्रिक गिटारचा हट्ट धरला, की आपण आधी किंमत विचारतो. विचारावीच; पण दुकानात जाताना पर्समध्ये टेपही टाका. घोडीपासून मानेच्या वरच्या पट्टीपर्यंत तार मोजा. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरची २५.५ इंच भरते, स्क्वायरच्या मिनी स्ट्रॅटची २२.७५. तार आखूड म्हणजे पडदे जवळजवळ, ताणही कमी. लहान बोटे पोचतात, कमी दुखतात. वाढत्या अंगाचा फ्रॉक घेतो तशी गिटार घेऊ नका. बोटे दुखली, की ती आठ दिवसांत माळ्यावर जाते! खुंट्या सैल नाहीत ना, तारा पडद्यांपासून फार उंच नाहीत ना, हे पाहा. अॅम्प्लिफायरचे पैसे आधीच बाजूला काढा. तो छोटा, हेडफोन लावता येणारा घेतलात, तर शेजारच्या वहिनीही खूष!