आधी ब्रेक, मग घोडे

१९८३ साली एस्कॉर्ट्सने राजदूत ३५० बाजारात आणली. तेव्हा मोठी गाडी म्हणजे बुलेट, नाहीतर येझदी. बुलेट ३४६ सीसीची, अश्वशक्ती १८. राजदूत ३४७ची, पण दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. अश्वशक्ती तिसाच्या आसपास! कागदावर बुलेट तिथेच हरली.

पण मूळच्या जपानी यामाहा आरडी ३५०ला पुढे डिस्क ब्रेक होता. आपल्याकडे आला ड्रम. एवढी पळणारी गाडी थांबवायची कशाने? शिवाय पेट्रोल पिण्यात तर ती सगळ्यांच्या पुढे. तिचे शौकीन आजही जुने सांगाडे हुडकत फिरतात. आवाज गोड होता, मान्य! तरी माझे मत बुलेटलाच. तिचा वेग तिच्या ब्रेकला झेपणारा होता.

आता पोरांची चर्चा केटीएम आरसी ३९०, निन्जा ३०० आणि अपाचे आरआर ३१० यांची. तीही घोड्यांवरच. अहो, कारधा पुलावरून साकोलीकडे रात्री निघून बघा. धानाच्या हंगामात मागचा दिवा नसलेली ट्रॉली अचानक पुढ्यात येते. तिथे चार घोडे जास्त असून काय करायचे?

एप्रिल २०१९पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले, फार बरे झाले. पण त्याने चाक जाम होत नाही एवढेच. अंतर लागायचे ते लागतेच. नातवाला विचारले, ऐंशीच्या वेगात यातली कोणती गाडी किती मीटरमध्ये थांबते? तिन्हींची अश्वशक्ती त्याला तोंडपाठ. हे मात्र तो अजून शोधतोय.