पखवाजाची कणीक

गेल्या कार्तिकी एकादशीस सकाळींच आम्हीं मूठभर कणकेची मागणी केली, तेव्हां वहिनींनीं भुवया उंचावून विचारलें, "भाऊजी, उपवासाच्या घरांत आज कणीक कुणाला?" पखवाजाला, असें उत्तर ऐकतांच स्वयंपाकघरांत हशा पिकला. बावीस वर्षें माळ्यावर पडलेल्या त्या वाद्याला पोटहि आहे, हें मुलांना ठाऊक नव्हतें.

ज्या वाचकांच्या घरीं भजन नाहीं त्यांच्यासाठीं थोडा खुलासा. पखवाजाच्या उजव्या पुडीवर शाई कायमची असते. डाव्या, मोठ्या पुडीवर मात्र दर वेळीं ओली कणीक थापावी लागते, आणि तिच्या वजनानेंच तो खोल, घुमणारा खर्ज उत्पन्न होतो. कमी पडली तर आवाज पोकळ, जास्त झाली तर मुका. वादन संपलें कीं ती खरवडून काढावयाची, नाहीं तर सुकून चामडें खराब होतें. अंबाजोगाई तालुक्यांतील आपेगांवच्या शंकरबापूंना १९८६ सालीं पद्मश्री मिळाली ती याच वाद्यासाठीं.

आम्हीं तें कां सोडलें? विचारणारांस आम्ही नोकरीचें व बदल्यांचें कारण सांगत आलों. खरें कारण लाजिरवाणें आहे. त्या काळीं आमचा हात तयार होता, व तो दाखविल्यावांचून आम्हांस चैन पडत नसे. एका भजनांत, अभंग रंगांत आला असतां, आम्ही एकामागून एक तिहाया घेऊं लागलों. म्हणणाऱ्या वृद्ध गृहस्थांनीं गाणें थांबविलें आणि आमचें संपेपर्यंत शांतपणें वाट पाहिली. रागावले असते तर बरें होतें. घरीं येऊन आम्हीं पखवाज माळ्यावर टाकला. शेजारीं टाळ धरणारे आमचे वडील बंधु अण्णा यांनींहि त्या दिवसापासून टाळ खुंटीला लावले, व त्याबद्दल कधीं एक अक्षर काढलें नाहीं. आमच्या रुसव्याची किंमत त्यांनीं भरली.

दसऱ्यास अण्णांचा नातू पुण्याहून परभणीस आला. तो बास गिटार वाजवितो. चार जाड तारांच्या या वाद्याचें आजचें रूढ रूप अमेरिकेंतील लिओ फेंडर यांनीं १९५१ सालीं बाजारांत आणलें. परीक्षांपायीं दोन वर्षें बंद ठेवून तो यंदा मित्रांबरोबर पुन्हां बसूं लागला आहे. म्हणाला, "आबा, बास कुणाच्या लक्षांत येत नाहीं, पण थांबला तर सगळे मागें वळून बघतात." त्याच रात्रीं आम्हीं माळ्याला शिडी लावली.

नव्या पुड्या, नवी वादी, आणि महिनाभर दार लावून चौताल. हात लवकर परतला, आणि त्यांतच आम्ही फसलों.

भजन गंगाखेडास, गोदाकाठीं एका आप्ताच्या घरीं होतें. (जनाबाईंचें गंगाखेड आणि नामदेवांचें नरसी, १९९९ सालीं हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत दोन्ही आमच्याच परभणी जिल्ह्यांत, हा अभिमान आम्हीं अद्याप सोडलेला नाहीं.) पहिल्याच अभंगाला फजिती झाली. खोलींत लय आमच्या मालकीची होती. येथें दहा टाळ, एक पेटी, आणि म्हणणारा श्वास घ्यावयास थांबे तों आम्ही पुढें निघून गेलेलों! बोटें बरोबर पडत होतीं, परंतु कान त्यांच्याकडेच लागलेला होता. अण्णांनीं आमच्याकडे पाहिलेंहि नाहीं. टाळ किंचित् मोठा केला, एवढेंच.

आम्हीं उजवा हात आवरला. तिरकिट सोडलें, गदिगन सोडलें. आठ मात्रांच्या साध्या ठेक्यांत डाव्या हाताचा घुमारा तेवढा ठेविला. दुसऱ्या चरणाला म्हणणाऱ्याचा सूर त्यावर टेकला, आणि त्यानें निःशंकपणें डोळे मिटले.

मध्यरात्रीं आम्ही कणीक खरवडीत असतां अण्णा टाळांच्या दोऱ्या गुंडाळीत जवळ येऊन बसले.

"घट्ट झाली होती," ते म्हणाले. "पुढच्या एकादशीला जरा सैल मळून आण."