पिल्लांची ऊब

गेल्या वर्षी जानेवारीत माझ्या धाकट्याने आठवडी बाजारातून पाच रंगीत पिल्लं आणली. एक हिरवं, दोन गुलाबी, दोन जांभळी. मी शाळेतून घरी आले तर खोक्याभोवती अख्ख्या गल्लीतली मुलं. खोक्यात वर्तमानपत्र अंथरलेलं, वाटीत पाणी, कोपऱ्यात तांदळाच्या कण्या. रात्री घरात वास नको म्हणून खोकं गॅलरीत ठेवायला मीच सांगितलं. सकाळी दोन गेलेली. तिसऱ्या दिवशी एकही उरलं नाही. शेजारच्या भाभी म्हणाल्या, नजर लागली असेल. रात्री मुलगा माझ्या पांघरुणात शिरून हळूच म्हणाला, "अम्मी, मी मारलं का त्यांना?"

त्याने नव्हतं मारलं. चूक माझी होती, आणि ती बऱ्याच घरांत होते, म्हणून या महिन्यात हाच विषय.

ही रंगीत पिल्लं बहुतेक अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या जातीची नर पिल्लं असतात. नर अंडी देत नाहीत, मांसही फार धरत नाहीत, म्हणून ती रंगवून मुलांना विकली जातात. जन्मतःच पिल्लाच्या पोटात बलकाचा थोडा साठा असतो. त्यावर ते दोन-तीन दिवस काढू शकतं. त्यामुळे बाजारात ते टुणटुणीत दिसतं. पण त्याच्या अंगावर नुसती लव असते, पिसं नसतात. स्वतःची ऊब त्याला राखता येत नाही. कोंबडीचं अंग एकेचाळीस अंशांच्या आसपास गरम असतं, त्या पंखाखाली त्याची जागा. गारठलेलं पिल्लू दाणा टिपत नाही, पाणी पीत नाही. इकडे बलक संपतो आणि तिसऱ्या दिवशी खेळ खलास. नजरेला कशाला दोष द्यायचा? जानेवारीत आमच्या धरमपेठेत फुटाळ्याकडून रात्री जे वारं येतं, त्यात आपण रजईतून हात बाहेर काढत नाही.

अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहात एका प्रवासाची हकीकत आहे. काही सोबत्यांनी एका पक्षिणीची दोन पिल्लं उचलली. ती बिचारी पंख फडफडवत भोवती घिरट्या घालू लागली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ते पाहिलं, हिला हिच्या पिल्लांवरून कोणी दुःख दिलं असं विचारलं आणि पिल्लं परत करायला लावली. वर्गात मी ही हकीकत कितीदा सांगितली असेल! खोक्यातल्या पिल्लांना परत न्यायला आई नाही, म्हणजे ती जागा आता आपली, हे मात्र पाच पिल्लं गेल्यावर कळलं.

यंदा रंगीत पिल्लं नको म्हटलं. एका उबवणी केंद्रातून गावरान वळणाची आठ पिल्लं आणली आणि आधी ब्रूडर तयार केला. मराठीत त्याला कृत्रिम दाई म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. दाई म्हणजे दोन फुटी पुठ्ठ्याचं खोकं, कोपरे पुठ्ठ्यानेच गोल केलेले. कोपरा असला की पिल्लं तिथे एकमेकांवर चढतात आणि खालचं गुदमरतं. वर मांजरासाठी जाळी.

ऊब बल्बची, पण इथेच फसगत होते. हल्ली घरोघरी एलईडी दिवे. ते टांगले तर उजेड पडेल, ऊब जवळजवळ नाहीच. जुना पिवळा, तारेचा बल्बच हवा. त्याची बहुतेक वीज उष्णतेतच जाते. मोठ्या पोल्ट्रीत पिल्लामागे एक-दोन वॅट धरतात, पण शेकडो पिल्लं एकमेकांनाही ऊब देतात. आठ पिल्लांना थंडीत मी साठ वॅटचा लावला, खोक्याच्या एका बाजूला, तुसापासून फूट-सव्वा फूट वर. एकाच बाजूला अशासाठी की ज्याला गरम होईल त्याला सरकायला जागा राहावी. होल्डर दोन दोऱ्यांनी बांधा, वायरच्या भरवशावर लोंबकळत ठेवू नका. बल्ब तुसात पडला तर आग लागेल. कोळशाची शेगडी तर बंद खोलीत नकोच. तिच्या धुराने पिल्लंही जातात आणि माणसंही.

पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर पस्तीस अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी, म्हणजे बल्ब दोन-तीन इंच वर. तरी थर्मामीटरपेक्षा पिल्लं खरं सांगतात. बल्बखाली गोळा होऊन किरकिर करत असतील तर थंडी वाजते आहे. भिंतीला चिकटून चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर उकडतं आहे. सगळी एकाच बाजूला दाटली तर दुसरीकडून झोत येतो आहे. सगळीकडे पसरून कोणी खातंय, कोणी झोपलंय, असं दिसलं की तुम्हीही झोपा. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आत ठेवायची आणि वर पोतं टाकायचं, हवेला फट ठेवून.

आता अंथरूण. नुसतं वर्तमानपत्र नको, कारण ते गुळगुळीत असतं. पाय घसरून फाकतात आणि पिल्लू कायमचं अधू होतं. त्यातही आपल्या घरातलं उर्दू वर्तमानपत्र तर मुळीच नको. त्यात कुठे आयत असते, कुठे अल्लाहचं नाव. ते विष्ठेखाली घालायला हात तरी कसा धजावतो! धानाचं तूस सर्वांत बरं. भंडारा-गोंदियाकडच्या राईस मिलमध्ये त्याचे ढीग असतात, इथेही पोतं मिळतं. ते नसेल तर सुताराकडची रंध्याची सालपटं. करवतीचा बारीक भुसा नको, पिल्लं तो दाणा समजून खातात. तूस उन्हात वाळवून दोन-तीन इंच पसरा. पहिले दोन-तीन दिवस वर चुरगाळलेला खाकी कागद घाला आणि त्यावर दाणे टाका, म्हणजे टिपायला शिकतात.

तूस कोरडं राखणं हे बल्बइतकंच मोलाचं, किंबहुना जास्त कष्टाचं. ओल्या गादीवर पिल्लाचं पोट गार पडतं, अमोनियाने डोळे चुरचुरतात आणि ओल अधिक ऊब या जोडीत रक्ती हगवणीचे जंतू फोफावतात. मूठभर तूस दाबून बघा. गोळा झाला तर ओलं, मूठ उघडताच सुटलं तर ठीक. सकाळ-संध्याकाळ हाताने खालीवर करा, भांड्याभोवतीचं ओलं काढून टाका. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा, उथळ ताटलीत गोट्या घाला. माझ्या मुलाने त्याच्या सगळ्या गोट्या त्यात घातल्या. नाक भांड्याजवळ नको, तुसाजवळ नेऊन वास घ्या. तुम्हाला झोंबतो तो त्यांना केव्हाचा झोंबत असतो.

राणीखेतची लस पहिल्या आठवड्यातच द्यायची असते. लसीचं आणि आजाराचं घरगुती उपायांवर सोडू नका. आम्हाला सेमिनरी हिल्सवरचं, 1958 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं. तुमच्याकडे तालुक्याचा दवाखाना असेल. आणि हे सगळं हिवाळ्याचं गणित. एप्रिल-मेत नागपुरात दुपारी बल्ब लावाल तर पिल्लं भाजतील. तेव्हा फक्त पहिल्या दिवसांच्या रात्रींपुरता, तोही बघून.

आठातलं एक दुसऱ्या दिवशी गेलं, ते आणलं तेव्हाच मलूल होतं. सात राहिली. पाचव्या आठवड्यात पिसं भरल्यावर एका रात्री बल्ब काढला. धाकटा दोनदा उठून टॉर्च घेऊन बघून आला. दुसऱ्यांदा मी विचारलं, "काय करताहेत?" तो म्हणाला, "झोपलीत अम्मी. दूर दूर झोपलीत."