चोरी लाखांची, भरपाई कृपेची

29 ऑक्टोबर 2018 रोजी लायन एअरचे बोइंग 737 मॅक्स विमान जावा समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व 189 माणसे प्राणास मुकली. पुढे बोइंग कंपनीने तडजोडीची रक्कम दिली. ती इंडोनेशियातील विधवांच्या व पोरक्या मुलांच्या हाती जावयाची होती. परंतु लॉस एंजेलिसचे नामांकित वकील टॉम जिरार्डी यांच्या पेढीत तिच्यातील किमान वीस लाख डॉलर अडकले आणि नाहीसे झाले. डिसेंबर 2020 मध्ये शिकागोच्या संघीय न्यायालयात हे उघडकीस आले. हिंक्ली गावच्या दूषित पाण्याच्या खटल्यात 1996 साली मिळालेल्या 33 कोटी 30 लाख डॉलरच्या तडजोडीमागील वकिलांपैकी हे एक. गरिबांचे कैवारी म्हणून त्यांचा दबदबा होता!

कॅलिफोर्नियाच्या स्टेट बारने नोव्हेंबर 2022 मध्ये स्वतःच कबूल केले की, चार दशकांत या गृहस्थांविरुद्ध 205 तक्रारी आल्या होत्या. तरीही त्यांची सनद रद्द झाली ती 2022 मध्येच. बारच्या अधिकाऱ्यांशी असलेले त्यांचे लागेबांधे व दिलेल्या भेटी यांचा पाढा 2023 च्या चौकशी अहवालात वाचावयास मिळतो. ऑगस्ट 2024 मध्ये ते दोषी ठरले आणि जून 2025 मध्ये त्यांना सव्वासात वर्षांची कैद झाली. मात्र तुरुंगवासाने कोणाच्या घरची चूल पेटत नाही.

अशा वेळी वकीलवर्गाचे प्रवक्ते बारच्या ‘अशील संरक्षण निधी’कडे बोट दाखवितात. हा निधी 1972 पासून आहे आणि वकिलांच्या वार्षिक वर्गणीतून तो चालतो. तो देतो काय? वकिलाने पैसा लाटला असेल तरच भरपाई. निष्काळजीपणाने दावा बुडविला असेल तर एक छदामही नाही. 2009 पासूनच्या अपहारास कमाल मर्यादा एक लाख डॉलर, म्हणजे पाच लाख बुडालेल्या कुटुंबाचे चार लाख बुडालेलेच. आणि सर्वात बोलका नियम हा की, भरपाई हा अशिलाचा हक्क नव्हे, ती निधीची मर्जी! तक्रारींची चौकशी करणारी आणि ही कृपा करणारी संस्था एकच. लुटारू बडा, भुर्दंड मात्र हजारो सामान्य वकिलांवर सारखा विभागलेला, असाही त्याचा एक पैलू आहे. हे खरे की, ज्याचे पाच-दहा हजार डॉलर गेले त्या कामगाराला येथे पूर्ण रक्कम मिळू शकते, आणि पुष्कळदा दुसरे दारही उरलेले नसते. म्हणून निधी मोडा असे आमचे म्हणणे नाही. व्यवसायाची अब्रू झाकण्याचे वस्त्र म्हणून तो मिरविला जातो, यास आमचा आक्षेप आहे.

आणि आपल्याकडे? येथे तेवढेही वस्त्र नाही. 1961 च्या अधिवक्ता कायद्याचे कलम 35 गैरवर्तन करणाऱ्या वकिलाला ताकीद देते, निलंबित करते, फार तर त्याचे नाव पटावरून काढते. बुडालेला पैसा परत देण्याची तरतूद त्या कलमात नाही. कल्याण निधी आहे, पण तो वकिलांचा! 2001 च्या केंद्रीय कायद्यान्वये वकीलपत्रावर त्यासाठी तिकीट लावावे लागते, आणि त्याचा खर्च व्यवहारात बहुधा अशिलाच्याच खिशातून जातो. त्यातच 14 मे 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही. फसलेल्या शेतमजुराने मग दिवाणी दावा लावावा, म्हणजे पुन्हा वकील गाठावा!

मार्च 2025 मध्ये याच न्यायालयाने मोटार अपघाताची भरपाई थेट दावेदाराच्या बँक खात्यात जमा करण्याविषयी निर्देश दिले, ते योग्यच झाले. पैसा मधल्या हातातून गेलाच नाही तर तो तेथे मुरणारही नाही. हाच नियम भूसंपादनाच्या मोबदल्यास आणि कामगारांच्या थकबाकीस कायद्यानेच लागू झाला पाहिजे. त्यापलीकडे जो अपहार होईल त्यासाठी निधी हवा. त्याची वर्गणी वकिलाच्या उत्पन्नाच्या प्रमाणात असावी, भरपाई हक्काने मागता यावी, आणि निर्णय देणाऱ्या मंडळात वकिलांचे बहुमत नसावे. बार कौन्सिलच्या उमेदवारांना मते मागावयास येतील तेव्हा आपल्या वकील साथींनी हाच प्रश्न प्रथम विचारावा.